जानेफळचा मे महिना आणि प्रोसेसरचं घड्याळ

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका ईमेलमुळे होतोय. ईमेल आलाय जानेफळहून. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातलं गाव. खामगावहून मेहकरकडे जाताना लागतं. लिहिणारा मुलगा नुकताच बारावी झालाय. वडिलांचं गावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे, म्हणजे पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज वगैरे. दुकानातला जुना कॉम्प्युटर अगदीच रडायला लागला म्हणून त्यांनी सेकंडहँड घेतला. त्यात निघाला इंटेलचा कोर आय फाइव्ह २५००के. हे 'के' अक्षर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलाने व्हिडिओ बघून तो ओव्हरक्लॉक केला. ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.४ वर नेला. तो लिहितो, "दादा, डिसेंबरात एक नंबर चालला. तापमान ७० च्या आसपास. मार्च संपता संपता मधेच निळा स्क्रीन येऊन राहिला. मी काहीच बदललं नाही. बाबा म्हणतात दुकानाचं मशीन आहे, खेळणं नाही. खरंच मी काही जाळलं का?"

काही बदललं नाही, असं तो म्हणतो. बदललं आहे, पण ते कॅबिनेटच्या आत नाही. ते नेमकं काय, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागेल. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास म्हणजे कारखान्याने किती जागा शिल्लक ठेवली होती आणि लोकांनी ती कशी हुडकून काढली, याचीच गोष्ट आहे.

आधी घड्याळ म्हणजे काय ते सांगतो. स्लॅब टाकायचं काम बघितलंय ना? खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, आणि घमेली हातोहात वर जातात. एकजण ताल धरतो, "हां... हां...". प्रत्येक 'हां'ला प्रत्येकाने हातातलं घमेलं पुढे द्यायचं. प्रोसेसरमध्ये हा ताल धरणारा असतो क्वार्ट्झचा स्फटिक आणि त्याच्याभोवतीचं सर्किट. एका ठोक्यात आतल्या ट्रान्झिस्टरांनी आपापलं गणित उरकून उत्तर पुढच्याच्या हातात ठेवायचं. ताल वाढवला की काम वाढतं. पण एखाद्याच्या हातात घमेलं पोचायच्या आत पुढचा 'हां' आला तर? तर तो रिकामे हात पुढे करतो. कॉम्प्युटरमध्ये याचा अर्थ, एक चुकीचा आकडा पुढे गेला. धूर येत नाही, आवाज होत नाही. फक्त एक आकडा चुकतो.

यावर उपाय दोन. माणसांना जास्त खुराक द्या, म्हणजे व्होल्टेज वाढवा. ट्रान्झिस्टर झपाझप चालतात. किंवा त्यांना सावलीत ठेवा, म्हणजे थंड ठेवा. उन्हात माणूस मंदावतो, तसा तापलेला ट्रान्झिस्टरही मंदावतो. जानेफळचं उत्तर खरं तर इथेच आलं, पण थांबा.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. इतका विचित्र आकडा का? बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. तो अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या संकेताशी जुळणारा, कारण कॉम्प्युटर टीव्हीला जोडता यायला हवा होता. त्याच स्फटिकाला तीनने भागून प्रोसेसरचा ताल काढला. म्हणजे ८०८८ ला झेपेल तेवढा वेग दिलाच नव्हता, ५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर टीव्हीच्या सोयीने ४.७७ वर चालत होता. पहिल्याच घरगुती पीसीत थोडी शिल्लक होती ती अशी.

१९८४ ला पीसी एटी आला. प्रोसेसर ८०२८६, वेग ६ मेगाहर्ट्झ, आणि त्याला ताल देणारा स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा, कारण आत दोनने भागाकार व्हायचा. लोकांच्या लक्षात आलं की हा स्फटिक काढून १६ चा बसवला की मशीन थेट ८ वर चालतं. स्फटिक चार-दोन डॉलरचा आणि वेगात फायदा एक-तृतीयांश. आयबीएमला हे आवडलं नाही. नंतरच्या एटीच्या बायोसमध्ये त्यांनी वेग तपासणारी सोय घातली. ठरल्यापेक्षा जास्त जोरात धावणारं मशीन सुरूच होईना. कंपनी कुलूप लावणार आणि लोक किल्ली शोधणार, हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये जे असेंबल्ड डबे आले, त्यांच्यावर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. ते दाबलं की मशीन पळतं, असं आम्हाला वाटायचं. खरं तर ते बटण मशीन हळू करण्यासाठी होतं. जुने गेम ४.७७ चा हिशोब धरून लिहिलेले, ते वेगवान मशीनवर इतके पळायचे की खेळताच यायचं नाही. शेजारी हिरव्या किंवा लाल आकड्यांत '३३', '६६' असा वेग दिसायचा. तो आकडाही मोजलेला नसायचा बरं का! जंपर लावून असेंबल करणारा ठरवेल तो आकडा दिसायचा. मी '९९' लावलेला डबाही पाहिलाय.

याच काळातली एक काळी बाजू सांगतो. प्रोसेसरवर छापलेला वेग खोडून त्यावर वरचा आकडा छापायचा आणि महाग विकायचा, असा धंदा जगभर जोरात होता. मुंबईतला लॅमिंग्टन रोड काय, पुण्यातली तापकीर गल्ली काय, सुटे भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ही भीती असायची. म्हणजे ग्राहकाला न सांगता केलेलं ओव्हरक्लॉकिंग. हिवाळ्यात घेतलेलं मशीन उन्हाळ्यात का अडकतं, याचं कोडं तेव्हाही पुष्कळांना पडलं असणार. इंटेलने नव्वदीच्या शेवटाकडे प्रोसेसरचा गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, कारखान्यातच पक्का करायला सुरुवात केली, त्यामागे या फसवणुकीचं कारण होतंच. शौकीन लोकांना महागडे प्रोसेसर घ्यायला लावणं हेही असावं, असं आपलं माझं मत.

आता १९९८ चा ऑगस्ट. ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला प्रोसेसर बाजारात आला, तो होता सेलेरॉन ३००ए. स्वस्तातला, किंमत साधारण दीडशे डॉलर. बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून ३००. गुणक पक्का, पण बस बदलता यायची. ती ६६ ची १०० केली की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५०. आणि हे प्रोसेसर सर्रास ४५० वर चालायचे! त्याच सुमारास आलेला पेंटियम टू ४५० साडेसहाशे डॉलरच्या वर होता. गंमत म्हणजे सेलेरॉनवर १२८ केबीची कॅश मेमरी प्रोसेसरच्याच तुकड्यावर, पूर्ण वेगाने चालणारी होती, त्यामुळे पुष्कळ कामांत तो महागड्या भावाच्या बरोबरीने धावायचा.

असं का व्हायचं? एकाच थाळीवर, एकाच पद्धतीने शेकडो तुकडे बनतात. त्यांची चाचणी होते आणि प्रतवारी लागते. पण बाजाराला स्वस्त माल जास्त हवा असतो. मग चांगला तुकडाही खालच्या प्रतीचं लेबल लावून विकला जातो. बाजार समितीत एखाद्या दिवशी वरच्या प्रतीचा कापूसही खालच्या भावात जातो ना, तसंच.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगायलाच हवी. मी तेव्हा अकोल्यात होतो, घरी ३००ए होता आणि त्यावर वडील लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायचे. मी विचार केला, थेट १०० म्हणजे हावरटपणा. बोर्डावर मधला ८३ चा पर्याय होता. आपण सज्जनासारखं ८३ घेऊ. प्रोसेसर ३७५ वर, अगदी थंडगार. दोन आठवडे सगळं छान. मग झिप फायली उघडेनात. मग पत्रिकांच्या फायली उघडल्या की मधेच कचरा दिसायला लागला. लग्नसराई तोंडावर आणि अर्धी हार्ड डिस्क नासलेली. बॅकअप म्हणून ज्या फ्लॉपी केल्या होत्या, त्याही त्याच दोन आठवड्यांतल्या.

कारण मला कितीतरी नंतर कळलं. हार्ड डिस्क ज्या पीसीआय मार्गावरून बोलते, तो मार्ग ३३ मेगाहर्ट्झचा. बस ६६ असेल तर बोर्ड तिला दोनने भागतं, ३३ येतात. बस १०० असेल तर तीनने भागतं, परत ३३. पण ८३ ला भागाकार दोननेच व्हायचा, म्हणजे साडेएकेचाळीस. प्रोसेसर मजेत होता. मी डिस्कचा मार्गच सव्वापट पळवत होतो. १०० च्या तुलनेत ८३ जास्त धोक्याचं होतं! थोडंच वाढवलंय म्हणजे सुरक्षित आहे, ही माझी समजूत तिथे गेली. आपण नेमकं काय वाढवतोय आणि त्याच्यासोबत आणखी काय वाढतंय, हे माहीत नसेल तर थोडं वाढवलेलंही पुरे होतं.

मशीन चुकतंय हे कळणार कसं, याचं उत्तर एका वेगळ्याच जगातून आलं. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी इंटरनेटवरून घरोघरच्या कॉम्प्युटरांना कामाला लावून प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायचा प्रकल्प सुरू केला. त्याचा प्रोग्राम म्हणजे प्राइम९५. एका संख्येचं गणित आठवडेच्या आठवडे चालायचं आणि मधे एक आकडा चुकला की सगळं वाया. म्हणून त्यात मशीनची परीक्षा घेणारी 'टॉर्चर टेस्ट' दिली. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं मशीनला करायला लावायची आणि ताडून बघायचं. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी ती उचलली आणि आज गणिताशी काही घेणं नसलेली मुलंही प्राइम९५ चालवतात. ही चाचणी 'मशीन बंद पडतं का' यापेक्षा 'मशीन खोटं बोलतं का' हे तपासते. जानेफळच्या दुकानासाठी दुसराच प्रश्न महत्त्वाचा. निळा स्क्रीन आला तर अर्ज परत भरता येतो. फाइल सेव्ह होताना आतला एखादा आकडा फिरला तर कोणाला कळणार?

बरं, मग घड्याळ पळवण्याची ही शर्यत कुठवर गेली? नोव्हेंबर २००४ मध्ये पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथेच थबकला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर झालेला प्रोसेसर इंटेलने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये रद्द केला होता. कारण उष्णता. पुढच्या वर्षी एकाच्या जागी दोन गाभे असलेले प्रोसेसर आले. ताल वाढवता येत नाही तर माणसं वाढवा.

आणि हा विचार आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, त्याचे ते पहिले प्रमुख. अमेरिका सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ करत होती. या मंडळींनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो ट्रान्सप्युटर नावाचे साधे, बाजारात मिळणारे प्रोसेसर शेजारी शेजारी जोडून. एकेकाचा वेग काही डोळे दिपवणारा नव्हता, पण काम वाटून दिलं. घरगुती कॉम्प्युटर त्या वाटेला लागायला आणखी चौदा वर्षं गेली.

आता येऊ २०११ च्या जानेवारीत, म्हणजे आपल्या मुलाच्या प्रोसेसरकडे. या पिढीपासून इंटेलने जवळजवळ सगळं एकाच १०० मेगाहर्ट्झच्या तालाला बांधलं. तो ताल वाढवला की सगळंच डळमळतं, माझ्या ८३ सारखं. म्हणून जुना मार्ग बंद. पण ज्यांच्या नावापुढे 'के' आहे, त्यांचा गुणक मोकळा ठेवला. २५००के चा गुणक ३३, म्हणून ३३०० मेगाहर्ट्झ. तो ४४ केला की ४४००. बोर्डही पी६७, झेड६८ किंवा झेड७७ असं लागतं. एच६१ वर हे जमत नाही. एका अर्थी नवशिक्यासाठी ही सगळ्यात सोपी पिढी, कारण गुणक वाढवताना डिस्क, मेमरी कशालाच धक्का लागत नाही.

मग अडलं कुठे? मुलाने व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवलं होतं. गुणक वाढला की बरीच बोर्डं ऑटोमध्ये स्वतःच्या मनाने सढळ हाताने व्होल्टेज देतात. उष्णतेचा हिशोब असा, की ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा व्होल्टेज १.२० चं १.३५ झालं. वेग एक-तृतीयांश वाढला, पण उष्णता सुमारे दोन-तृतीयांश वाढली. वर कूलर कोणता? प्रोसेसरसोबत खोक्यात येतो तो लहान गोल पंखा.

पंखा काही थंडी तयार करत नाही. तो खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर किती वर राहील एवढंच ठरवतो. डिसेंबरात खोली २० अंश आणि प्रोसेसर ७०, म्हणजे फरक ५० चा. हाच फरक घेऊन मे महिन्यात या. पत्र्याखालचं दुकान, दुपारचे तीन, खोली ४२. प्रोसेसर ९२. या प्रोसेसरची मर्यादा ९८ अंश. तिथे तो स्वतःच वेग उतरवतो आणि अगदीच वर गेला तर बंद होतो, त्यामुळे जळण्याची भीती कमी. पण त्याच्या अलीकडेच तापलेला ट्रान्झिस्टर मंदावतो आणि घमेलं पोचायच्या आत 'हां' येतो. मुला, तू काही जाळलेलं नाहीस. तू डिसेंबरची शिल्लक मोजलीस आणि खर्च एप्रिलमध्ये केलास.

व्हिडिओ बनवणारे बहुतेक २२ अंशांच्या खोलीत बसतात. त्यांचा आकडा खरा असतो, पण तो त्यांच्या खोलीचा. म्हणून वऱ्हाडात ओव्हरक्लॉक ठरवायचा तर एप्रिल-मेच्या दुपारी ठरवावा. तेव्हा टिकला तर दिवाळीत टिकेलच.

आणखी एक, त्याच्या पत्रात ओझरतं आलंय. रब्बीत पंप चालू झाले की संध्याकाळी दिवे मंद होतात. चांगला एसएमपीएस हे चढउतार गिळतो, स्वस्तातला गिळत नाही, आणि प्रोसेसर जास्त वीज मागायला लागला की त्याची परीक्षा अजून कडक होते. एसएमपीएसचं नाव-गाव धड नसेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विषयच काढू नये. अर्थिंग आणि यूपीएस त्याच्याही आधी. आणि कृपा करून डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. खोलीत कूलर असणं ठीक आहे, पण थेट झोतात ओल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आत जातात, वर आपली काळ्या मातीची धूळ. पंख्याच्या पात्यांवर लेप बसतो.

तर मुला, उद्या दुकान उघडायच्या आधी बायोसमध्ये जाऊन 'लोड डिफॉल्ट्स' कर. स्क्रीनच आला नाही तर वीज काढून बोर्डावरचा सीमॉस जंपर किंवा बटणासारखी बॅटरी. सगळं मूळ जागी येतं. ग्राहकांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर घे, आणि उघडून बघ, नुसत्या कॉपी करू नकोस. मग पंखा काढून साफ कर, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाव. २०११ च्या मशीनला एवढ्यानेच दहा-बारा अंशांचा फरक पडलेला मी पाहिलाय. आणि डिस्क जुनी फिरणारी असेल तर एसएसडी टाक. अर्ज भरण्याच्या कामात ती जाणवते, ४.४ गिगाहर्ट्झ जाणवणार नाहीत, खरं सांगतो.

त्यानंतरही हौस असेल, आणि असावी, तर व्होल्टेज ऑटोवरून काढून मूळ आकड्याला बांध. गुणक एकेकाने चढव, ३५, ३६, ३७. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. प्रत्येक पायरीला भर दुपारी तासभर प्राइम९५ आणि शेजारी तापमान दाखवणारा प्रोग्राम. ८० च्या वर गेलं किंवा एक जरी चूक आली की दोन पायऱ्या खाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्ही' नव्हे तर 'डब्ल्यूएचईए' नावाच्या नोंदी शोध. स्क्रीनवर काही न दिसता तिथे चुका जमा होतात. मूळ व्होल्टेजवर ४ च्या आसपास थांबावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

नवे प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी जाता जाता. आता कारखानाच ओव्हरक्लॉक करून देतो. २००८ च्या टर्बो बूस्टपासून प्रोसेसर स्वतःचं तापमान बघून स्वतः पळतो आणि शिल्लक जवळजवळ संपवूनच माल बाहेर येतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डळमळीत होण्याचं प्रकरण गाजलं. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने झिजत होते. कंपनीला मायक्रोकोड दुरुस्त करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथे शौकीन मंडळी आता उलटं करतात, वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवतात. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी मला तरी हे जास्त पटतं.

खरीपाच्या विम्याची गर्दी जुलैत असते. तोवर दुकानाचं मशीन मूळ वेगावर राहू दे, बाबांचं ऐक. आणि मेच्या मधल्या आठवड्यात दुपारी तीन वाजता खोलीचं आणि प्रोसेसरचं, असे दोन आकडे मला कळव. पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवतो.